खिडकीत कुंभारणीने घर केलंय आणि सोमवारी रंगारी येतोय. काय करू?

ओटल्यावरची (बडोदं) · २ ऑगस्ट, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमचं घर दांडिया बाजारात, जुनं, लाकडी जिन्याचं. माडीवरच्या खिडकीची चौकट भिंतीला मिळते त्या कोपऱ्यात गेले दोन आठवडे एक माशी मातीचं घर बांधते आहे. काळी, पायांवर पिवळे पट्टे, आणि कंबर इतकी बारीक की पुढचा आणि मागचा भाग दोऱ्याने बांधलाय असं वाटावं. आई तिला कुंभारीण म्हणते, समोरच्या बेन भमरी म्हणतात.

दोन रविवार मी तिच्यासमोर खुर्ची टाकून बसले. माती ती आमच्याच जास्वंदीच्या कुंडीखालून नेते, जिथे जास्तीचं पाणी झिरपतं. डोकं खाली, मागचा भाग वर, आणि पुढच्या पायांनी व जबड्याने चिखल मळून गोळी करते. मुगाच्या दाण्याएवढी गोळी तोंडात धरून खिडकीत येते आणि ती पसरताना बारीक, कातर आवाज काढते. दाताच्या डॉक्टरांकडचं यंत्र लांबून ऐकू यावं तसा. गोळी पसरली की आवाज बंद. एका कोठडीसाठी मी २६ खेपा मोजल्या, सुरुवातीच्या काही माझ्या नजरेतून सुटल्या असतील. ओली माती गडद आणि सुकलेली फिकी, त्यामुळे आज किती काम झालं ते लांबूनही कळतं.

आता अडचण. गणपतीआधी घराला रंग द्यायचा आहे आणि सोमवारी रंगारी येतोय. बाबा म्हणतात, खरवडून टाक, उद्या चावली तर? आई म्हणते, हात लावायचा नाही, कुंभारणीने घर केलं की त्या घरात पाळणा हलतो. आणि आजी आम्हाला लहानपणी सांगायची की कुंभारीण अळी आणून कोंडते, तिच्याभोवती गुणगुणत राहते, आणि त्या ध्यासाने अळीचीच कुंभारीण होते.

ही नक्की कोण? चावते का? आणि आजी सांगायची त्यात खरं किती?

---

गच्चीतला वेल (पुणे) · २ ऑगस्ट, रात्री १०:०५

तोडू नका हो. रंग पुढच्या वर्षीही देता येईल.

---

चिंचेखाली (बडोदं, मांजलपूर) · २ ऑगस्ट, रात्री १०:३१

मी तुमच्या बाबांच्या बाजूने. गेल्या दिवाळीत माझा मुलगा माळ्यावरून पणत्यांचं खोकं काढायला गेला आणि गांधीलमाश्यांच्या पोळ्याला धक्का लागला. तीन डंख, त्यातला एक पापणीवर. दोन दिवस डोळा उघडत नव्हता, रात्रभर मी बर्फ धरून बसले होते. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर ही हौस नको. संध्याकाळी त्या घरावर रॉकेलचा बोळा फिरवा आणि सकाळी खरवडा.

---

निवृत्त मास्तर (इंदूर) · ३ ऑगस्ट, सकाळी ६:५०

चिंचेखाली ताई, तुमच्या लेकाला झालेला त्रास खरा आणि तुमची भीतीही रास्त. पण तुम्ही ज्यांना भेटलात त्या वेगळ्या आणि ओटल्यावरची ताईंकडची वेगळी.

गांधीलमाश्यांचं पोळं कागदासारखं असतं. लाकडाचा भुसा चावून लाळेत कालवतात आणि त्याच्या षट्कोनी खोल्या करतात. ते एकत्र कुटुंब असतं: राणी, कामकरी, वाढणारी पिल्लं. धक्का लागला की पोळं राखायला सगळ्या धावून येतात. आपल्याकडच्या अशाच एका गांधीलमाशीवर, रोपॅलिडिया मार्जिनाटावर, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले राघवेंद्र गदगकर यांनी कित्येक दशकं काम केलं. तिची राणी दांडगाई करत नाही, अगदी शांत असते, हे त्या कामातून पुढे आलं.

कुंभारीण एकटी राहते. राणी नाही, प्रजा नाही. तुमच्या वर्णनावरून ही स्केलिफ्रॉन दिसते. सगळं बांधकाम मादीच करते आणि नांगीही मादीलाच असते, कारण अंडी घालायच्या अवयवाचीच पुढे नांगी झाली. पण ती नांगी शिकारीसाठी. घर राखायला ती माणसावर धावून येत नाही. हातात पकडलीत, कपड्यात अडकली, तर डंख मारेल. मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, वर्गाच्या खिडकीत दर पावसाळ्यात हिची घरं असायची आणि मुलं त्याखालीच बसायची. एकालाही चावली नाही.

तुम्ही ऐकलेला तो कातर आवाज लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. तो पंखांचा नाही. उडण्याचे स्नायू चालू ठेवून ती सगळं अंग थरथरवते आणि तो थरकाप जबड्यातून मातीत उतरतो. त्याने माती क्षणभर पातळ होते आणि नीट पसरते. स्लॅब टाकताना काँक्रीटमध्ये व्हायब्रेटर घालतात ना, तेच तत्त्व.

आता अळीचं. ती अळी आणत नाही.

---

ओटल्यावरची · ३ ऑगस्ट, सकाळी ८:१५

मास्तर, असं अर्ध्यावर सोडू नका! काल ती पायांत काहीतरी हिरवट धरून आली, तीच अळी असं मी धरून चालले होते.

---

निवृत्त मास्तर (इंदूर) · ३ ऑगस्ट, सकाळी ८:५०

फिरायला जायची वेळ झाली होती म्हणून थांबलो. ते हिरवट म्हणजे कोळी. स्केलिफ्रॉन फक्त कोळी पकडते, जाळ्यातून नाहीतर पानावरून उचलून. डंख मारते तो ठार करायला नाही, लुळं करायला. मेलेला कोळी पावसाळ्यात दोन दिवसांत कुजला असता, लुळा पडलेला ताजा राहतो. एका कोळ्याच्या पोटावर एक अंडं, आणि कोठडी कोळ्यांनी भरली की तोंड बंद. अंड्यातून निघालेली बिनपायाची पांढरी अळी ते कोळी एकामागून एक खाते, संपले की स्वतःभोवती तपकिरी, कागदी कोश विणते, आणि तीनचार आठवड्यांनी पूर्ण वाढलेली कुंभारीण गोल भोक पाडून बाहेर येते.

सुरवंट आणणारी कुंभारीण वेगळी, युमेनिस. ती सुबक गाडगं करते, निमुळत्या गळ्याचं, बाहेर वळलेल्या काठाचं. ती आधी रिकाम्या गाडग्यात छताला बारीक धाग्याने अंडं टांगते आणि मग सुरवंट भरते. तुमच्या आजींनी बहुधा हीच पाहिली असणार.

म्हणजे आजींनी पाहिलेलं सगळं खरं. अळी आत गेली, वरून गुणगुण ऐकू आली, दार लिंपलं गेलं आणि महिन्याने कुंभारीण बाहेर आली. बंद कोठडीत काय झालं तेवढं मात्र दिसलं नाही. फ्रान्समध्ये ज्याँ-आंरी फाब्र (१८२३ ते १९१५) नावाचे एक शिक्षक होऊन गेले, जन्मभर अशाच माश्यांपुढे उन्हात बसले. भक्ष्य मेलेलं नसून लुळं पडलेलं असतं हे त्यांनी दाखवून दिलं. त्याआधी मोठमोठ्या अभ्यासकांनाही वाटायचं की माशी मेलेल्या किड्याला काही औषध लावून टिकवते.

---

टाळकरी (ग्वाल्हेर) · ३ ऑगस्ट, दुपारी १:२०

मास्तर, तुमचं शास्त्र मान्य, पण त्या गोष्टीचा मूळ हेतूही इथे नोंदवला पाहिजे. हा भ्रमर-कीटक न्याय. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताचे २४ गुरू येतात: पृथ्वी, वारा, मधमाशी, अजगर, पतंग असे. त्यातली शेवटची ही कुंभारीण, तिथे तिला पेशस्कृत म्हटलंय. तिने भिंतीत कोंडलेला कीटक भीतीने तिचंच ध्यान करत राहतो आणि तिच्या रूपाला जातो. ज्याचा ध्यास घ्यावा तसा माणूस होतो, एवढंच सांगायचं आहे. आमच्याकडे दत्तजयंतीच्या कीर्तनात बुवा हा दृष्टान्त इतका रंगवतात की बसल्या जागी अंगावर काटा येतो. कोठडीत कोळी निघाले म्हणून दृष्टान्त खोटा पडत नाही.

---

ओटल्यावरची · ३ ऑगस्ट, दुपारी ३:०२

टाळकरीकाका, तुमचं वाचून मी आईला ते २४ गुरू म्हणायला लावले. तिला क्रमाने पाठ आहेत. तेविसावा गुरू कोण निघाला माहिती आहे? कोळी! चोविसाव्या गुरूने तेविसाव्याला आमच्या खिडकीत डांबून ठेवलंय. आईला हे इतकं आवडलं की तिने दोन मावश्यांना फोन लावले.

---

टाळकरी (ग्वाल्हेर) · ३ ऑगस्ट, दुपारी ३:३०

अहो, इतकी वर्षं टाळ धरतोय, हे कधी डोक्यात आलं नाही. येत्या दत्तजयंतीला बुवांच्या कानावर घालतो.

---

सिंधियांचं गाव (ग्वाल्हेर) · ३ ऑगस्ट, रात्री ८:४४

विषयाला थोडा फाटा फोडते. पहिला पाऊस पडला की आम्ही पोरं किल्ल्याच्या पायथ्याशी लाल मखमली किडे गोळा करायला जायचो. घरात मृगाचे किडे म्हणायचे, शाळेतल्या मैत्रिणी बीरबहूटी म्हणायच्या. काड्यापेटीत गवत घालून ठेवायचे, बोटाने हळूच शिवलं की पाय पोटाशी घेऊन निपचित पडायचे. माझ्या मुलीने अजून एकही पाहिलेला नाही. कुणाला दिसतात का हल्ली?

---

निवृत्त मास्तर (इंदूर) · ३ ऑगस्ट, रात्री ९:१०

पाय मोजले होतेत का? आठ असतात. म्हणजे तो कीटक नाहीच, कोळ्याच्या भाऊबंदांपैकी, गोचिडाच्या जवळचा. वर्षातला बहुतेक काळ जमिनीत असतो आणि मृगाच्या पावसाने माती भिजली की वर येतो. जिथे माती उघडी राहिली नाही, फरशी आणि डांबर झालं, तिथून तो वर येणार कुठून? आमच्या कॉलनीत दिसत नाही. गावाबाहेर, न नांगरलेल्या पडीक जमिनीवर या जूनमध्ये मी सात पाहिले. मुलीला घेऊन तशा जागी जा, पहिल्या जोरदार पावसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. काड्यापेटी मात्र घरी ठेवा.

---

वडाची पारंबी (बडोदं) · ३ ऑगस्ट, रात्री ११:०८

फाटे फुटतच आहेत तर आपल्या गावाचंही ऐका. बडोद्याचं जुनं नाव वडपद्रक. इसवी सन ८१२ च्या ताम्रपटात ते येतं, तेव्हा हे अंकोट्टकाजवळचं, म्हणजे आजच्या अकोट्याजवळचं, एक खेडं होतं. वडांचं गाव. आणि हा वड एका माशीवाचून पुढे चालत नाही, ती कुंभारणीचीच लांबची बहीण.

वडाचं लाल फळ म्हणजे आतल्या बाजूला फुलं असलेली पिशवी. टोकाला एक बारीक छिद्र. तीळभर मादी त्यातून रेटून आत शिरते तेव्हा तिचे पंख तुटून बाहेरच राहतात. तिला परतायचं नसतंच. आत अंडी घालते, अंगावरचे परागकण फुलांना लागतात, आणि ती तिथेच मरते. तिच्या पोटचे नर बिनपंखाचे. ते माद्यांशी मीलन करतात, फळाच्या भिंतीला भुयार पाडतात आणि बहुतेक तिथेच संपतात. माद्या अंगावर पराग घेऊन त्या भुयारातून बाहेर पडतात आणि दुसरा वड शोधायला निघतात. वडाची माशी वडाचीच, उंबराची उंबराचीच. "उंबर फोडून केंबरं काढू नयेत" असं आपण म्हणतो, त्यातली केंबरं हीच.

कमाठीबागेत (१८७९ मध्ये सयाजीराव महाराजांनी वसवली ती) मी रोज फिरायला जाते. वडाखाली फळांचा सडा पडतो आणि लोक त्यावरून चालत जातात. मी एकदा एक फळ उचलून घरी आणलं, भिंगाखाली उघडलं आणि तासभर जागची हलले नाही.

---

गच्चीतला वेल (पुणे) · ३ ऑगस्ट, रात्री ११:२५

म्हणजे उंबर खाताना आपण...

---

वडाची पारंबी (बडोदं) · ३ ऑगस्ट, रात्री ११:३१

हो. म्हणून फोडू नयेत म्हणतात.

---

चिंचेखाली (बडोदं, मांजलपूर) · ४ ऑगस्ट, सकाळी ७:१२

हे सगळं वाचलं. गांधीलमाशी आणि कुंभारीण यांतला फरक मला माहीत नव्हता, मी सगळ्यांना एकाच मापाने मोजत होते. रॉकेलचं बोलले ते मागे घेते. पण आज सोमवार आहे आणि ताईंच्या मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कुणीच दिलेलं नाही. रंगारी दारात उभा असेल!

---

ब्रश आणि पट्टी (बडोदं, वाडी) · ४ ऑगस्ट, सकाळी ७:४०

मी रंगकामाचे ठेके घेतो. अशी घरं दर पावसाळ्यात दोनचार तरी भेटतात. आधी बघा, घराला गोल भोकं आहेत का. भोक आहे म्हणजे कोठडीतलं पिल्लू उडून गेलं. सगळ्यांना भोकं असतील तर खुशाल काढा. एकही नसेल तर आत जीव आहे.

पूर्ण घर उचलून दुसरीकडे चिकटवता येईल का, असं लोक विचारतात. मी एकदा प्रयत्न केला होता. पत्र्याच्या पट्टीने अलगद सोडवलं, पण कोठड्यांची मागची भिंत म्हणजे आपलीच भिंत असते. घर सुटलं तशा कोठड्या मागून उघड्या पडल्या, कोळी आणि एक पांढरी अळी फरशीवर. वाईट वाटलं. तेव्हापासून मी तेवढा भाग सोडून देतो.

तुमच्या माणसाला सांगा, घराभोवती वीतभर जागा सोडून मास्किंग टेप लावायची. घासकाम करताना त्या कोपऱ्यात पॉलिश पेपर मारायचा नाही, धूळ बसते. तिथे स्प्रे नको, ब्रशच. दसऱ्याच्या आसपास तेवढा तुकडा रंगवून घ्या. त्याच डब्यातला पावशेर रंग बाटलीत घट्ट बंद करून ठेवा, नाहीतर छटा जुळत नाही.

---

ओटल्यावरची · ४ ऑगस्ट, रात्री ९:५५

अगदी वेळेवर वाचलं, दादा. रंगाऱ्याला सांगितलं तर तो हसला आणि म्हणाला, आमच्या गावी पण भमरीचं घर तोडत नाहीत. टेप त्यानेच लावली. बाबा आधी गप्प होते, मग चहा झाल्यावर स्वतः खुर्ची ओढून खिडकीपाशी बसले. संध्याकाळी मला सांगत होते की तिने आज ११ कोळी आणले आणि त्यातला एक खाली पडला, तर तो उचलायला ती आलीच नाही, नवा पकडायला गेली. तो पडलेला कोळी त्यांनी कागदावर उचलून ठेवलाय. पाय ताणलेले, पण काडी लावली की एक पाय किंचित हलतो.

घराला भोक एकही नाही. सहा कोठड्या झाल्यात आणि आज तिने सगळ्यांवरून मातीचा एक जाड थर दिला. आता ते घर वाटतच नाही, कुणीतरी चिखलाचा गोळा भिरकावल्यासारखं दिसतं.

---

निवृत्त मास्तर (इंदूर) · ५ ऑगस्ट, सकाळी ६:४५

तो थर म्हणजे काम संपलं. आता ती परत येणार नाही. पिल्लांशी तिची भेट होत नाही. आता खिडकीवर लक्ष ठेवा आणि बाबांना वही द्या.

---

ओटल्यावरची · ३१ ऑगस्ट, रात्री ८:२०

धागा वर काढते आहे. गणपतीच्या गडबडीत लिहायचं राहिलं.

२४ तारखेला पहिलं भोक दिसलं. २६ला दुसरं आणि तिसरं. तिसरी बाहेर येताना बाबांनी पाहिली: आतून माती ओली होऊन गडद झाली, मग जबडा दिसला, मग तोंड. अर्धा तास ती भोकातच बसून मिशा पुसत होती. बाहेर आल्यावर गजावर चालली, आणि आम्ही पंख्याचं बटण बंद करेपर्यंत उडालीसुद्धा.

पण काल पाचव्या कोठडीतून जे निघालं ते कुंभारीण नाही. आखूड, जाड, आणि रंग मोराच्या मानेसारखा, निळा-हिरवा, धातूसारखा चमकणारा. पाठीवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे. आईच्या ओंजळीत पडलं तर पोटाकडे दुमडून त्याची चक्क गोळी झाली. मास्तर, आमच्या कुंभारणीचं बाळ कुठे गेलं?

---

निवृत्त मास्तर (इंदूर) · ३१ ऑगस्ट, रात्री ९:०४

ताई, तुमच्याकडे कोकीळमाशी आली होती. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते तशी ही कुंभारणीच्या घरात घालते. तिची अळी कुंभारणीच्या अळीला खाते. पाठ कडक चिलखतासारखी असते, कारण घरमालकिणीने पकडलं तर गोळी होऊन डंख चुकवायचा असतो. तिची स्वतःची नांगी डंख मारण्याइतकी उरलेली नाही, आईंना सांगा, निर्धास्त राहा. मला हे जिवंत बाहेर पडताना एकदाही पाहायला मिळालेलं नाही.

---

टाळकरी (ग्वाल्हेर) · ३१ ऑगस्ट, रात्री ९:३०

एक आत गेलं आणि भलतंच बाहेर आलं. हे आजींनी पाहिलं असतं तर काय म्हणाल्या असत्या?

---

ओटल्यावरची · ३१ ऑगस्ट, रात्री १०:१२

आई म्हणते, आजीने आधी त्याला साखरेचं पाणी ठेवलं असतं. आम्हीही बशीत थेंबभर ठेवलं. त्याने पाच मिनिटं पंख साफ केले आणि जास्वंदीवरून निघून गेलं.

सहावी कोठडी अजून बंद आहे. रंगाची बाटली फडताळात ठेवली आहे.

---

चिंचेखाली (बडोदं, मांजलपूर) · १ सप्टेंबर, सकाळी ७:३०

ताई, रविवारी लेकाला घेऊन येऊ का? तो भिंग आणेल म्हणतोय.

---

ओटल्यावरची · १ सप्टेंबर, सकाळी ७:४१

या ना! सकाळी नऊच्या आत या, नंतर त्या खिडकीत ऊन येतं. जिना अरुंद आहे, त्याला म्हणावं सांभाळून चढ.